मातीतली मिशी

या रे पोरांनो, सरकून बसा. गोष्ट आहे १८८१ सालची, अमेरिकेतली. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी झाडली गेली. गोळी अंगात रुतली, पण नेमकी कुठे? एक्स-रे तेव्हा कुठला! टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल धावून आले. तारांची वेटोळी अंगावरून फिरवायची, धातू जवळ आला की कानाशी धरलेला टेलिफोन गुणगुणतो. यंत्र नामी होतं हो! पण गादीत पोलादी स्प्रिंगा, आणि डॉक्टरांनी तपासू दिली फक्त उजवी बाजू. गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफील्ड गेले.

धातू हाकेला ओ देतो खरा. पण सोबत आणखी कोण कोण ओ देतं, घोळ तिथेच.

आता जमिनीखालचे पाइप शोधायलाही असंच, वरून रडारची गाडी ढकलत नेतात. तिची रेडिओ लहर हवेत एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जाते. कोरड्या वाळूत साधारण निम्मीच. पाऊण मीटर खालच्या लोखंडी पाइपवर आपटून परतायला १० नॅनोसेकंद लागतात. आता गंमत बघा. गाडी पाइपच्या अलीकडे असते तेव्हाही लहर तिरकी जाऊन त्याला गाठतेच, पण पल्ला लांबचा, म्हणून उशिरा परतते. गाडी बरोबर माथ्यावर आली की सगळ्यात लवकर. पुढे सरकली की पुन्हा उशीर. पडद्यावर उशीर जितका जास्त तितकी खूण खाली, म्हणून गोल पाइप दिसतच नाही, दिसते टोकं खाली झुकलेली मिशी! शेजारी दगडधोंडे असले की मिश्यांचा नुसता गुंता.

पाइप ठाऊक असला तर मिशी कशी उमटेल, हे विद्युतचुंबकीय लहरींच्या मॅक्सवेल समीकरणांवरून काढता येतं. मिशीवरून पाइप ओळखणं मात्र महाकठीण, कारण निरनिराळ्या वस्तूंच्या मिश्या जवळपास सारख्या निघतात. इथे डीप लर्निंग कामाला येतं. संगणकातल्या खोट्या मातीत हजारो खोटे पाइप पुरायचे, त्यांच्या मिश्या काढायच्या आणि त्या जोड्या न्यूरल नेटवर्क नावाच्या शिकणाऱ्या प्रोग्रॅमपुढे ठेवायच्या. ते पाइपचं चित्र काढतं, चुकतं, किती चुकलं त्या मानाने आतले आकडे बदलतं, पुन्हा काढतं. एकदा शिकलं की मग काम क्षणाचं.

पण चित्रावर भाळू नका. लहर धातूच्या आत शिरत नाही, पाठीवरूनच परतते. पाइपची खालची बाजू नेटवर्क शिकलेल्या चित्रांवरून भरतं. तो अंदाज, फोटो नव्हे. आणि आपल्याकडची ओली काळी माती तर लहर वाटेतच जिरवून टाकते. परत काही आलंच नाही, तर नेटवर्क वाचणार काय? तेव्हा उद्या तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर झालात, तर जेसीबी लावण्याआधी एक खड्डा हाताने खणून बघा.