चोवीस डोळ्यांचा हिशेब

कादंबरीवरून सिनेमा झाला की आपण लगेच विचारतो, "पुस्तकातलं किती राहिलं?" मला त्याहून बरा वाटणारा प्रश्न असा: पुस्तक जे एका वाक्यात सांगून मोकळं होतं, ते पडद्यावर दाखवायचं कसं? 'निजूशी नो हितोमी', म्हणजे 'चोवीस डोळे', हा जपानी चित्रपट या प्रश्नाचं छान उत्तर देतो.

साकाए त्सुबोई या लेखिकेची मूळ कादंबरी १९५२ साली एका ख्रिस्ती मासिकातून क्रमशः आली आणि मग पुस्तक झाली. दोनच वर्षांत, १९५४ मध्ये, केइसुके किनोशिता यांनी तिच्यावर चित्रपट केला. गोष्ट साधी आहे. १९२८ साली समुद्राकाठच्या एका गरीब खेड्यातल्या शाळेत ओइशी नावाच्या तरुण बाई रुजू होतात. पहिलीत पाच मुलगे आणि सात मुली. बारा मुलं, चोवीस डोळे. बाई सायकलवरून येतात, पाश्चात्त्य कपडे घालतात, म्हणून गाव नाकं मुरडतं. 'ओइशी' म्हणजे मोठा दगड. बाई ठेंगण्या, म्हणून मुलं त्यांना 'कोइशी', लहान दगड, म्हणू लागतात.

त्सुबोईंनी कादंबरीत गावाचं नाव दिलेलंच नाही. सिनेमाने मात्र त्यांच्याच जन्मभूमीवर, शोदोशिमा बेटावर, कॅमेरा नेला. कॅमेऱ्यापुढे बिननावाचं गाव चालत नाही. तिथे खरा रस्ता, खरा समुद्र लागतो.

खरी अडचण काळाची होती. कादंबरी 'पाच वर्षं गेली' असं लिहून पुढे जाऊ शकते. पडद्यावर तीच मुलं मोठी झालेली दिसायला हवीत. किनोशितांनी त्यासाठी सख्ख्या भावंडांच्या जोड्या शोधल्या. धाकट्याने पहिलीतला मुलगा करायचा, थोरल्याने मोठा झालेला. त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटतो आणि बदललेलाही वाटतो. बाईंची भूमिका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हिदेको ताकामिने यांनीच केली आहे.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण पुढे हिशेब याच चेहऱ्यांचा होतो. घरच्या गरिबीमुळे मात्सुएची शाळा सुटते. सहलीला गेलेल्या बाईंना ती एका खानावळीत राबताना भेटते. कोतोए क्षयाने जाते. "सैनिक होऊ नका" असं मुलग्यांना वाटून सांगावं, तर मुख्याध्यापक दटावतात. शेवटी बाई नोकरीच सोडतात. युद्धात पाचांपैकी तिघे मुलगे मरतात, एक आंधळा होऊन परततो. बाईंचा नवराही जातो, लहान मुलगीही जाते. रणांगण मात्र दिसत नाही. दिसतात ती निरोपाची माणसं, आणि शाळेतली गाणी पुन्हापुन्हा ऐकू येतात.

युद्धानंतर बाई त्याच शाळेत परत येतात. उरलेले विद्यार्थी त्यांच्यासाठी मेजवानी ठेवतात, नवी सायकल भेट देतात. तिथे बालपणीचा वर्गाचा फोटो हातोहात फिरतो. आंधळा इसोकिची फोटोवर बोट ठेवून कोण कुठे उभं आहे ते सांगत जातो. त्याला डोळे नाहीत, पण ते चेहरे आपण पाहिलेत. म्हणून तिथे गलबलून येतं.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगते. जपानने ज्यांच्यावर युद्ध लादलं, त्या चीन आणि इतर देशांतली मुलं या चित्रपटात कुठेच नाहीत. रडू येतं ते फक्त आपल्या मुलांसाठी. चित्रपट एका खेड्यापुरता आहे, हे मान्य. पण पाहताना ही रिकामी जागा लक्षात ठेवायलाच हवी.

तरीही त्या वर्षीच्या 'किनेमा जुनपो' मासिकाच्या यादीत तो पहिला आला. कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' तिसरा होता! सामुराई तलवारीने गाव वाचवतात. ओइशीबाई कुणालाच वाचवू शकत नाहीत. त्या फक्त प्रत्येकाला नावाने ओळखतात, त्याच्यासाठी रडतात आणि पुन्हा वर्गात जाऊन हजेरी घेतात. ज्या सरकारला मुलं म्हणजे नुसता आकडा वाटत होती, त्याच्यापुढे एवढं ओळखणंसुद्धा थोडं नव्हतं.

अडीच तासांचा कृष्णधवल चित्रपट आहे, संथ आहे. सवड काढून जरूर बघा.