संकर की संसृष्टी? 'हायब्रीड' गाडी घरच्या विजेस जोडण्यासंबंधी काही विचार

गेल्या पावसाळ्यात इंदापूर येथील एका गॅरेजात दोन-अडीच तास बसून राहण्याचा प्रसंग आला. प्रस्तुत लेखकाची गाडी 'हायब्रीड' जातीची असून ती वापरलेलीच विकत घेतली आहे. बारामतीहून इंदापूरला आठवड्यातून तीनदा जाणेयेणे होते. मिस्त्रींनी बोनेट उघडून पाहिले आणि एक सूचना केली : "सर, माघारी डिकीत दुसरी बॅटरी बसवू. रात्रीची घरी चार्जिंगला लावत जावा. पेट्रोल निम्म्यावर येईल." पाने पुसत बसलेला त्यांचा मदतनीस मुलगा यावर म्हणाला, "पण हायब्रीड हाय म्हंजी ती करंटवर चालतीयाच की. मग परत चार्जिंगला कशाला लावायची?"

मिस्त्रींनी हा प्रश्न हसण्यावारी नेला. प्रस्तुत लेखकास मात्र तो तसा वाटला नाही. मुलाने शब्दावरून अनुमान काढले होते आणि शब्दाचा जो अर्थ या मुलखात रूढ आहे, त्यास धरून ते अनुमान बिनचूक होते. चूक असलीच तर ती शब्दाची होती. तेव्हा अशा गाडीस बाहेरून वीज पुरविण्याचा संच बसविणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घ्यावयाचे असेल तर या शब्दापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

बारामती-इंदापूर भागात 'हायब्रीड' हा शब्द मोटारीबरोबर आलेला नाही. तो ज्वारीबरोबर आला. सी. एस. एच. 1 हे संकरित ज्वारीचे पहिले वाण 1964 साली प्रसारित झाले आणि पुढील दशकात 'हायब्रीड' हे विशेषण नामच होऊन बसले. 'यंदा हायब्रीड केलीय' असे म्हटले की ज्वारी हा शब्द उच्चारण्याची गरज उरली नाही. पुढे परदेशी वळूंच्या रेतनाने संकरित गाई गोठ्यात आल्या. 'गावरान' हा त्याचा प्रतियोगी शब्द ठरला आणि त्या विरोधातून 'हायब्रीड'ला एक हिणकस छटाही चिकटली. उत्पन्न भरघोस, पण चव नाही आणि टिकाव नाही, असा तिचा आशय होता. वडीलधारी माणसे नव्या पिढीलाही 'हायब्रीड' म्हणतात ते याच छटेने. मूळ लॅटिन शब्द पाळीव डुकरीण व रानडुक्कर यांच्या संततीस लावीत, तेव्हा गोठ्यातील प्रयोग व्युत्पत्तीशी फारसा विसंगत नाही. या सर्व प्रयोगांत एक अर्थघटक समान आहे : दोन भिन्न कुळांचा वारसा निम्मानिम्मा एकत्र येणे. मुलाने तोच अर्थ गाडीस लावला. निम्मी पेट्रोलची, निम्मी करंटची.

वस्तुस्थिती अशी नाही. साध्या हायब्रीड गाडीत इंजिन आहे, विजेची मोटर आहे आणि वीज साठविणारी बॅटरीही आहे, पण बॅटरीत येणारी वीज कोठून येते हे पाहू गेल्यास शेवटी पेट्रोलपंपावरच जाऊन पोचावे लागते. इंजिनाने केलेल्या कामाचा काही भाग जनित्राकडे वळतो. गाडी थांबविताना ब्रेकमध्ये जी गती एरवी उष्णता होऊन वाया गेली असती, तिचा काही अंश परत विजेच्या रूपाने जमा होतो. ती गती तरी कशाने आली होती? पेट्रोलनेच. म्हणजे या गाडीत यंत्रे दोन असली तरी अन्न एकच आहे. टोयोटा कंपनीच्या हायब्रीड गाड्यांची 'स्वतःच भारित होणाऱ्या' अशी जाहिरात होत असे. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने जानेवारी 2020 मध्ये ती दिशाभूल करणारी ठरविली, ते याच कारणास्तव. फुकटची वीज मिळते असा ग्रह त्या शब्दप्रयोगाने होतो, असे त्या प्राधिकरणाचे म्हणणे होते. एका विशेषणाच्या अर्थावरून शासकीय निर्णय व्हावा ही आमच्या विषयाच्या अभ्यासकांस सुखावणारी घटना होय.

येथे आपल्या काव्यशास्त्रातील एक भेद फार उपयोगी पडतो. एका पद्यात दोन अलंकार आले असता ते परस्परांत कसे मिसळले आहेत यावरून आलंकारिक दोन प्रकार मानतात. तीळ आणि तांदूळ एकत्र केले तरी वेगळे निवडता येतात. तसे मिश्रण असेल तर ती संसृष्टी. दूध आणि पाणी एक झाले म्हणजे निवड करता येत नाही. तसे असेल तर तो संकर. साधी हायब्रीड गाडी हा शब्दशः संकर आहे. बॅटरीतील विजेचा अमुक भाग पेट्रोलचा नव्हे, असे तिच्याविषयी म्हणताच येत नाही. घरच्या भिंतीतून वीज घेणारी गाडी, जिला 'प्लग-इन हायब्रीड' म्हणतात, ती मात्र संसृष्टी आहे. तिच्या मालकास महिनाअखेर लिटर वेगळे मोजता येतात आणि युनिट वेगळे मोजता येतात. मिस्त्री जे करू म्हणत होते ते संकराची संसृष्टी करणे होते. गाडीस दुसरी मोटर द्यावयाची नव्हती, दुसरे तोंड द्यावयाचे होते.

असे तोंड प्रथम बसविले गेले ते कॅलिफोर्नियात. प्रायस ही टोयोटाची हायब्रीड गाडी जपानात 1997 च्या डिसेंबरात विक्रीस आली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या जपानी व युरोपीय गाड्यांत केवळ विजेवर चालविण्याचे एक बटण होते, अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत ते नव्हते. बॅटरीची धारणशक्ती 1.3 युनिट, आणि तीही गाडीचा संगणक साधारणपणे 40 ते 80 टक्क्यांच्या दरम्यानच खेळवी. हाती येणारी वीज अर्ध्या युनिटाच्या आसपास, म्हणजे जेमतेम तीन किलोमीटरची. 2004 साली रॉन ग्रेम्बन, फेलिक्स क्रेमर व त्यांचे सहकारी यांनी स्वतःच्या गॅरेजात एका प्रायसमध्ये शिसे-आम्ल बॅटऱ्या भरून ती भिंतीच्या विजेवर भारित करून दाखविली. पुढील चार-पाच वर्षांत लिथियमचे तयार संच अमेरिकेत विकले जाऊ लागले. त्यांपैकी काही हौशी मालकाने घरीच बसवावयाचे होते.

या संचांचे कार्य मोठे मनोरंजक आहे. एका प्रकारात 48 व्होल्टची वेगळी बॅटरी डिकीत ठेवून तिचा दाब परिवर्तकाने दोनशे व्होल्टच्या वर चढवितात आणि तो प्रवाह मूळ बॅटरीत सोडीत राहतात. गाडीच्या संगणकास या नव्या पाहुण्याची वार्ताही नसते. मूळ बॅटरी खर्चूनही भरलेलीच दिसते एवढेच त्यास कळते आणि म्हणून तो इंजिनाऐवजी मोटरीस अधिक काम सांगतो. विहिरीचे पाणी उपसत असताना शेजारच्या पाटाने ती भरत राहावी आणि उपसणाऱ्यास झरा मोठा वाटावा, तसा हा प्रकार आहे. येथेच त्याची मर्यादाही आहे. संगणकाची मूळ समजूत बदललेली नसल्यामुळे त्या पिढीच्या प्रायसमध्ये ताशी सुमारे 67 किलोमीटरपलीकडे इंजिन फिरावेच लागे, मग डिकीत कितीही वीज असो.

महाराष्ट्रात याच्या निकटचा प्रयत्न पुण्यात झाला. केपीआयटी कमिन्स या कंपनीने 2010 साली 'रिव्होलो' नावाचा संच जाहीर केला आणि त्यासाठी भारत फोर्जशी भागीदारी केली. त्यात साध्या पेट्रोल गाडीच्या इंजिनास पट्ट्याने एक मोटर जोडून, डिकीतील बॅटरी घरी भारित करावयाची होती. इंधनाची कार्यक्षमता 40 टक्क्यांनी वाढते, असा कंपनीचा दावा होता. येथे हायब्रीडचे प्लग-इन होत नव्हते, तर 'गावरान' गाडी एका उडीत संसृष्टीस पोचत होती. मोटारींसाठीचा हा संच बाजारात रुळला नाही. अशा संचास परवानगी देणारे केंद्रीय नियमच 2016 साली आले, हे त्याचे एकमेव कारण नसले तरी मोठे कारण असावे असे वाटते.

आता आपल्या रस्त्याचे गणित पाहू. बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे. मध्यम आकाराच्या गाडीस एका युनिटात सहा-सात किलोमीटर धरले तर एका खेपेस सात-आठ युनिट लागतील. 5 युनिटांचा संच बसविला आणि त्यातील सर्व वीज वापरता आली असे गृहीत धरले, तरी भवानीनगर मागे टाकून लासुर्ण्याच्या आसपास ती संपेल. निमगाव केतकीचे पानमळे पेट्रोलवरच ओलांडावे लागतील. शिवाय पालखीमार्ग रुंद झाल्यापासून त्या रस्त्यावर ताशी 60 च्या खाली कोणी जात नाही, म्हणजे बऱ्याच अंतरावर इंजिन चालूच राहील. लिटरला 20 किलोमीटर देणाऱ्या गाडीचे फार तर दीड लिटर पेट्रोल वाचेल आणि त्यासाठी भारित करतानाची गळती धरून सहाएक युनिट जळतील. बारामतीच्या भिगवण चौकातून कसब्यात आणि तेथून औद्योगिक वसाहतीत अशा लहान फेऱ्या करणाऱ्यास हा व्यवहार अधिक फळेल. 'पेट्रोल निम्म्यावर' हे विधान त्याच्यापुरते खरे होऊ शकेल, आमच्यापुरते नाही.

खर्चाचा प्रश्न तरी गौण म्हणता येईल. त्या गॅरेजात चिंता वाटली ती दोन शब्दांमुळे.

पहिला शब्द 'बॅटरी'. आपल्या खेड्यांत रात्री पाणी धरावयास जाताना हाती असते ती बॅटरी. गाडीतील 12 व्होल्टची तीही बॅटरी. घरात इन्व्हर्टरखाली ठेवलेली तीही बॅटरी. मिस्त्रींचा हात तीस वर्षे 12 व्होल्टच्या बॅटरीवर बसलेला आहे. तिची दोन्ही टोके उघड्या हातांनी धरली तरी काही होत नाही, हे त्यांच्या बोटांस ठाऊक आहे. हायब्रीडमधील बॅटरी या नावाखाली आली की बोटे त्याच विश्वासाने पुढे होतात. परिभाषेतील 'विद्युत् घटमाला' हा शब्द आपण कृत्रिम म्हणून हसण्यावारी नेतो, पण तो जे सांगतो ते 'बॅटरी' सांगत नाही. 1.2 व्होल्टचे 168 घट माळेसारखे एकामागोमाग ओवले की 201.6 व्होल्ट होतात, आणि प्रायसच्या बॅटरीचा दाब नेमका तेवढाच आहे. हा एकदिश प्रवाह प्राणघातक असतो. म्हणूनच त्याच्या तारांस नारिंगी वेष्टन देतात.

दुसरा शब्द 'प्लग', आणि हा अधिक धोक्याचा आहे. गॅरेजच्या मराठीत प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा. 'प्लगमध्ये कचरा आलाय', 'प्लग साफ करून बघ' ही तेथील नित्याची वाक्ये होत. घरात प्लग म्हणजे भिंतीत खोचावयाची पिन, आणि बोलण्यात पुष्कळदा ती जेथे खोचतात ती जागाही. 'प्लग-इन' मधला प्लग हा घरातला. हायब्रीडमध्ये तिसरा एक प्लग असतो. घटमालेची साखळी मध्येच तोडण्यासाठी मागील बाजूस एक नारिंगी मुठीचा खुंटा बसविलेला असतो, त्यास कंपनी 'सर्व्हिस प्लग' म्हणते. मागच्या भागात हात घालण्यापूर्वी गाडी बंद करून, विद्युत्-रोधक हातमोजे घालून तो उपसून काढावयाचा आणि कपॅसिटरांतील वीज ओसरण्यासाठी दहा मिनिटे थांबावयाचे, असा दंडक आहे. त्या दिवशी संच कसा बसवाल असे विचारता मिस्त्री म्हणाले, "आधी प्लग काढायचा, मग काय भ्या नाही." मदतनीस मुलास विचारले, कोणता प्लग? त्याने इंजिनाकडे बोट दाखविले. मिस्त्रींच्या मनात भिंतीतला होता. तिसरा कोणाच्याच मनात नव्हता.

सांधा ढिला राहिला तर काय होते याचे उदाहरण आहे. जून 2008 मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेच्या, अशाच रूपांतर केलेल्या प्रायसला आग लागून ती जळाली. चौकशीत दोष निघाला तो बॅटरीतील बोल्टांच्या सदोष जोडणीचा. तो संच घरी नव्हे, व्यावसायिकांनी बसविलेला होता.

कायद्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. चाचणी संस्थेने त्या त्या वाहनासाठी मान्य केलेला संच, मान्यताप्राप्त केंद्रात बसवून परिवहन कार्यालयाकडून नोंद करून घेतल्यास गोष्ट वेगळी. डिकीत स्वतः जुळविलेली बॅटरी त्यात बसत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम तेथेच बोट ठेवील.

आमच्या गाडीत संच बसविला नाही. मिस्त्रींस मात्र प्लगचा गोंधळ पटला. नंतर दिवाळीच्या सुमारास गेलो असता त्यांच्याकडे दुसरी एक हायब्रीड मागची बाजू उघडून उभी होती आणि मुलगा हातमोजे चढवीत होता. मिस्त्रींनी त्यास विचारले, "मूठ काढली का?" 'सर्व्हिस प्लग' हा शब्द त्या गॅरेजातून गेला असून 'मूठ' हा शब्द रूढ झाला आहे. ठिणगीच्या प्लगला प्लगच म्हणतात. भिंतीतल्यास 'पिन' म्हणू लागले आहेत, पण तो प्रयोग अजून स्थिरावलेला दिसत नाही.