औषधिनिर्माणशाळेतील दुसरा निरीक्षक

आपल्या औषधिनिर्माणशाळांत ‘निरीक्षक’ म्हटले की अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षकच डोळ्यांसमोर येतात. परिशिष्ट ‘टी’प्रमाणे नोंदी ठेवल्या की आपले कर्तव्य संपले, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. औषध निरीक्षक औषध पाहतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी ते औषध सिद्ध करणारा माणूस पाहतात.

या तपासणीचा आधार दीर्घकाळ कारखाना अधिनियम, १९४८ हा होता. तो व अन्य बारा केंद्रीय कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वीज वापरून २० वा विजेविना ४० कामगार असल्यास तो ‘कारखाना’. त्याहून लहान निर्माणशाळांनी निश्चिंत होऊ नये, कारण दहा कामगार असलेली जागा ‘आस्थापना’ म्हणून संहितेच्या कक्षेत येते. निरीक्षकास आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता’ म्हणतात. मार्गदर्शन करणे हेही त्यांचे काम आहे. तेव्हा शंका अवश्य विचाराव्यात.

पल्व्हरायझरच्या पट्ट्यास जाळीचे आवरण, चूर्णविभागात धूळ शोषणारी यंत्रणा, बिब्बा हाताळणाऱ्यांना हातमोजे, या गोष्टी कोणासही सुचतील. तैलपाकात फेनोद्गमाच्या वेळी तेल उतू जाऊन भडका उडू शकतो, हे तर आपणास निरीक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असते! तरीही अग्निशामक साधन भट्टीपासून दूर, पोत्यांच्या आड ठेवलेले दिसते.

खरी चिंता रसशाळेची आहे. पारदाची वाफ नेहमीच्या तापमानासही होते. ती दिसत नाही व तिला गंधही नसतो. बंद खोलीत दिवसेंदिवस कज्जली घोटणाऱ्या कामगाराचे हात थरथरू लागले, हिरड्या सुजल्या, लालास्राव वाढला, स्वभाव चिडका झाला, तर त्यास कंपवात ठरवून औषध द्यावयाचे आणि पुन्हा खलावर बसवावयाचे, हे वैद्यास शोभणारे नाही. पारदजन्य विषबाधा ही संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतील व्याधी आहे. हरताळ व मनःशिळा यांतील सोमलाचीही तीच गोष्ट. असा रुग्ण आढळल्यास मालकाने शासनास कळविणे बंधनकारक आहे. अपघातामुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ न शकल्यास त्याचीही सूचना द्यावी लागते.

निरीक्षकांना आत येण्याचा, यंत्रे व नोंदवह्या पाहण्याचा आणि कामगारांशी बोलण्याचा अधिकार आहे. काही ठिकाणी त्या दिवशी निम्म्या कामगारांना घरी पाठवितात. हजेरीपट व वेतनपत्रक समोर असताना ही लबाडी किती काळ टिकणार? त्यापेक्षा नियुक्तिपत्रे, वैद्यकीय तपासणीचे अहवाल व अपघातवही एकाच कपाटात ठेवावी आणि त्या कपाटाची किल्ली मालक बाहेरगावी असतानाही व्यवस्थापकाजवळ असावी.