सोवळं आणि सरकारी अनुदान

मुंबई इलाख्यात जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. पुढे सरकारनेही नकारालाच दुजोरा दिला. एकट्या मुलासाठी बाकीच्या जातींची मुलं शाळा सोडून जातील, ही त्यामागची भीती. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं बजावलं खरं, पण ते कागदावर.

ही भीती उगाच नव्हती. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी शाळा काढली, तेव्हा धर्ममार्तंडांनी त्यांचे वडील गोविंदराव यांच्यावर दबाव आणला आणि १८४९ मध्ये मुलगा-सून घराबाहेर पडली. गुजरातेत खेडा जिल्ह्यात अस्पृश्यांची मुलं वर्गात घेताच शाळा ओस पडल्या, झोपड्या आणि उभी पिकं जळाली. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने सर्वांना खुल्या शाळांचं तत्त्व मान्य केलं आणि विरोध होईल तिथे वेगळ्या शाळांची वाट दाखवली. विटाळाचं शास्त्र सांगणाऱ्यांना यापेक्षा सोयीचं काय असणार? साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. मुंबईत संस्कृत नाकारलं गेलं म्हणून त्यांनी फारसी घेतली.

कोल्हापुरात मात्र विटाळवाल्यांची गाठ राजाशी पडली. वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींनाच वेदमंत्रांचा अधिकार नाकारणारं पुरोहितवर्ग आणि शंकराचार्य मठाचं वजन शाहू महाराजांनी अनुभवलं होतं. १९१९ च्या सप्टेंबरअखेरीस त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. माझ्या मते त्यांचं हे पाऊल त्यांच्याच आरक्षणाच्या निर्णयाइतकं धाडसाचं होतं. त्याची चर्चा मात्र कमी होते.

मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा खुल्या करण्याची मागणी मान्य झाली. पण खरी कळ वेगळीच होती. त्याच वर्षी सरकारने ठरवलं की अस्पृश्यांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला अनुदान नाही. शास्त्राधार बदलला नव्हता; फक्त तो आता महाग पडणार होता.

अमेरिकेतही हेच. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या. वंशांच्या सीमा देवानेच आखल्या आहेत, असं धर्मोपदेशक बॉब जोन्स १९६० मध्ये रेडिओवरून सांगत होते. वर्णभेदी नियम पाळणाऱ्या त्यांच्या विद्यापीठाचा करसवलतीचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अखेर १९८३ मध्ये फेटाळला.

इकडे अनुदानाच्या नियमानंतरही १९३० मध्ये मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीला, जिच्यात डॉ. आंबेडकर सदस्य होते, वेगळ्यांऐवजी एकत्र शाळांची शिफारस करावीच लागली.