बेडकाचा पत्ता

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला बाहेरची माणसं जातात ती जुनी देवळं, कोरीव स्तंभ आणि बारव पाहायला. सोबतच्या मुलांचं लक्ष शिल्पांपेक्षा पाण्याकडे असतं, आणि ते योग्यच आहे. पाणी टिकलेल्या कुठल्याही बारवेत पायरीवरून काहीतरी टुणकन उडतं आणि चपट्या खापरीने टप्पे घ्यावेत तसं पाण्यावरून टपटप करत पलीकडे पोचतं. पाण्यावर अशा उड्या मारणारा हा बेडूक आपल्याकडे सर्रास आढळतो. मुलांना बेडूक शिकवायचा तर तक्त्यापेक्षा पायरी बरी. (‘कूपमंडूक’ हा शब्द उभ्या कडांच्या विहिरीवरून आला असावा. बारवेतल्या बेडकाला वर यायला पायऱ्या आहेत.)

पाऊस लांबला की मराठवाड्यात पोरं धोंडी मागत दारोदार फिरत. अंगाला कडुलिंबाचा पाला, काठीला बांधलेला बेडूक, आणि वरून बायका पाणी ओतणार. बेडूक ओरडल्याने पाऊस येत नाही. ढगांना त्याचं काही देणंघेणं नाही. पण बेडूक आणि पाणी यांचं नातं लोकांनी अचूक हेरलं होतं. बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच घेतो. त्यामुळे ती कायम ओलसर राहावी लागते, आणि जगात बेडूक कुठे असेल नि कुठे नसेल, हे बरंचसं या पातळ कातडीवर ठरतं.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा आपले बरेच बेडूक जमिनीखाली असतात. काहींच्या मागच्या पायांना फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरत ते उलटे, पाठमोरे आत जातात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला एक बेडूक मूत्राशयात पाणी साठवून असाच गाडून घेतो. तहानलेले आदिवासी त्याला उकरून ते पाणी पीत. अलास्कातला बेडूक उलट थंडीत झोपतो. त्याच्या अंगातलं बरंचसं पाणी गोठतं, हृदय थांबतं आणि वसंतात तो पुन्हा उड्या मारू लागतो. पेशींमध्ये साठलेली साखर त्याला वाचवते.

जगात बेडकांच्या साडेसात हजारांहून अधिक जाती आहेत. कॅमेरूनच्या बाजूचा गोलियाथ तीन किलोपर्यंत भरतो, तर पापुआ न्यू गिनीतला, 2012 साली नोंदवला गेलेला एक बेडूक जेमतेम आठ मिलिमीटरचा. करंगळीच्या नखावर मावेल एवढा.

मग बेडूक नाही कुठे? खाऱ्या पाण्यात त्याची कातडी टिकत नाही, म्हणून समुद्रात नाही. दूरच्या सागरी बेटांवर मूळचे बेडूक जवळजवळ नाहीत, हे डार्विनने 1859 च्या ग्रंथात नोंदवलं होतं. हवाई बेटांवर आज जे आहेत ते माणसाने नेलेले. अंटार्क्टिकावरही नाही. पण तिथे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या बेडकाची हाडं सापडल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं. त्याचे आजचे नातलग चिलीत आहेत. बर्फाच्या त्या खंडावर कधीकाळी डबकी होती, हे सांगायला बेडकासारखा साक्षीदार नाही.

आपल्याकडच्या मोठ्या बेडकावर मात्र माणूसच उठला होता. त्याच्या तंगड्या परदेशी जेवणाच्या टेबलांवर जात. 1987 मध्ये भारताने ही निर्यात बंद केली.

हाच बेडूक पहिल्या जोरदार पावसानंतर पाहावा. एरवी मळकट हिरवा असलेला नर पिवळाधमक होतो, गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात आणि तो डबकं दणाणून सोडतो. मुलांना टॉर्च द्या, थोडं लांबूनच पाहू द्या, पकडू देऊ नका. हाताचा साबण आणि मलम त्याच्या कातडीतून थेट आत जातं. आणि रविवारची वाट पाहू नका, हा पिवळा रंग फार दिवस राहत नाही.