मण्यांची माळ आणि काट्याची पावती



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी याविषयी लिहितो. आजचा विषय निराळा आहे, पण घरातील भगिनींच्या उपयोगाचा आहे.

आपल्या भागातील पुष्कळ घरांचा एक पाय मुंबईच्या गिरणगावात होता. आमच्या आत्यांचे यजमान परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला, पगार बंद झाला. तेव्हा लालबागच्या चाळीत बसून आत्या मणी ओवायला शिकल्या. माळा, मंगळसूत्रे गाठवून देऊन त्यांनी दोन मुलांची शाळा सुटू दिली नाही. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. मागच्या सुट्टीत आमच्या घरच्यांनी चार दिवस राहून हे काम त्यांच्याकडून शिकून घेतले. आम्ही शेजारी बसून टिपण केले, ते असे.

माल : गिरगावातून चालत भुलेश्वरच्या बाजारात गेलो. काळे काचमणी, थोडे सोनेरी मणी, नायलॉनचा दोरा, बारीक सुई आणि फासे एवढेच घेतले. बारीक मण्यांना नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितका मणी बारीक. 15 नंबरचा मणी 11 नंबरपेक्षा लहान. शिकणाऱ्याने मोठ्या भोकाचा मणी घ्यावा. भोकाची कड फुटकी असेल तर ती दोरा कापते. डोळा मेलेले बेणे आपण बाजूला काढतो, तसे हे मणी आधीच काढून टाकावेत.

ओवणी : ताटात जाड फडके पसरावे, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. 18 इंचांची माळ करायची तर दोरा 26 इंच तरी घ्यावा. जादाचा दोरा गाठींसाठी लागतो. मधला मणी किंवा वाट्या आधी ओवाव्यात, मग दोन्ही बाजूंना मोजून सारखे मणी घ्यावेत. दोरा फार ताणला तर माळ ताठ राहते, सैल सोडला तर मण्यांमधून दिसतो. शेवटी फाशाच्या कडीतून दोरा दोनदा फिरवून दुहेरी गाठ मारावी. उरलेले टोक पाच-सहा मण्यांतून मागे ओवून घ्यावे आणि मगच कापावे.

आमच्या घरच्यांनी पहिल्या दिवशी गाठीलगतच दोरा कापला. संध्याकाळी माळ गळ्यात घातली आणि चाळीच्या जिन्यात सगळे मणी सांडले. आत्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सूनबाई, तुझीच माळ होती म्हणून बरं. दुसरीचं मंगळसूत्र असतं तर काय तोंड दाखवलं असतंस?" दुसऱ्या दिवशी तीच माळ त्यांनी तीन वेळा सोडायला आणि तीन वेळा ओवायला लावली. तेव्हा कुठे हात बसला.

पैसा : येथे सावध राहावे. आमच्या नात्यातील एका मुलीने घरबसल्या माळांचे काम मिळेल म्हणून एका व्यापाऱ्याकडे अनामत भरली. त्याने तिच्या सगळ्या माळा 'खराब' म्हणून परत केल्या. अनामत बुडाली ती बुडालीच. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर परत फिरावे. त्यापेक्षा शेजारणीची तुटलेली माळ गाठवून देण्यापासून सुरुवात करावी. मालाची किंमत आणि लागलेले तास वहीत लिहावेत, मग मजुरी ठरवावी.

सोन्याचे मणी, वाट्या घेताना मालकिणीसमोर मोजावे, वजन करून घ्यावे आणि लिहून तिची सही घ्यावी. कारखान्याच्या काट्यावर पावती घेतल्याशिवाय आपण गाडी हलवत नाही, तोच नियम इथे. आत्यांनी इतकी वर्षे हीच वही सांभाळली, म्हणून चाळीत कधी त्यांच्यावर बोट उठले नाही.

या कामाने कोणी श्रीमंत होत नाही. पण उसाचे बिल हाती येईपर्यंत बाईच्या मुठीत तिच्या कष्टाचे चार पैसे राहतात, आणि अडचणीच्या दिवसांत तेवढ्यावर घर तरते, हे आमच्या घराने पाहिले आहे.

ज्या भगिनींना शिकायचे असेल त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे नाव द्यावे. आमच्या घरच्या शिकवायला तयार आहेत. अनामत नाही, सुई-दोरा मात्र आपला आणावा.

— ऊस विकास अधिकारी