चालढकलीचे अर्थशास्त्र

परीक्षेचे अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या दिवशी महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे जी रांग लागते, ती पाहून आम्ही अध्यापक मंडळी एक ठरलेला उद्गार काढतो : मुले आळशी झाली आहेत. उद्गार काढणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे न सोडता पडलेले असतात, ही गोष्ट तूर्त बाजूस ठेवू. मुळात हे निदानच चुकीचे आहे. आळशी मनुष्य काम करीत नाही आणि सुखात असतो. चालढकल करणारा त्याच वेळात कपाट आवरतो, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढतो, इतरांची चार कामे करून देतो आणि मनातून सतत बेचैन असतो. या कोड्याचा उलगडा उपदेशापेक्षा हिशेबाने अधिक चांगला होतो.

सन २००१चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्या जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका व्याख्यानात भारतातील वास्तव्याची एक हकिकत सांगितली आहे. जोसेफ स्टिग्लिट्झ हे त्यांचे मित्र (पुढे त्याच पारितोषिकाचे सहमानकरी) त्यांच्याकडे येऊन गेले आणि कपड्यांची एक पेटी मागे राहिली. ती अमेरिकेस पाठवावयाची होती. आपल्याकडील टपाल आणि सोपस्कार यांत एक दिवस मोडणार, एवढेच काय ते काम. आठ महिन्यांहून अधिक काळ ॲकरलॉफ रोज सकाळी उठत आणि पेटी उद्या पाठवू, असे ठरवीत! शेवटी दुसऱ्या एका मित्राच्या सामानाबरोबर ती गेली. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, आजचा त्रास डोळ्यांपुढे ठळक असतो, तर एका दिवसाच्या विलंबाने होणारे नुकसान क्षुल्लक भासते. त्या त्या दिवसापुरता हिशेब बरोबरच असतो. बेरीज मात्र कोणी करीत नाही.

या हिशेबात आणखी एक मेख आहे. काम उद्यावर टाकताना आपण ते एका दुसऱ्याच माणसावर टाकीत असतो. त्या उद्याच्या माणसाजवळ वेळ, उत्साह आणि धैर्य हे सारे भरपूर असेल, असे आपण गृहीत धरतो. खरेदी आपली आणि बिल त्याच्या नावावर, असा हा व्यवहार आहे.

आमच्या महाड-पोलादपूर भागात हा व्यवहार सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वाचावयास मिळतो. येथील गावांतून मुंबईस नोकरीला जाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. वडील वारले, तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तसे कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात म्हटले आहे. पण एक भाऊ परळला, दुसरा डोंबिवलीला, बहीण सासरी. शिवाय जमीन ती केवढी, डोंगरउताराची दहा-वीस गुंठे! गणपतीला सगळे जमतील तेव्हा पाहू, असे ठरते. गणपती येतात आणि जातात. मग एक भाऊ निवर्ततो, त्याच्या मुलांची नावे त्यात मिसळतात, आणि चार वारसांचे चौदा होतात. पुढे वाटणी करावयाची असो, कर्ज काढावयाचे असो की रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई घ्यावयाची असो, उताऱ्यावर आजोबांचेच नाव असते. बिल अखेर नातवाकडे येते आणि त्यावर आठ महिन्यांची नव्हे, चाळीस वर्षांची थकबाकी असते.

सार्वजनिक कामांत तर बिल पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या नावावर फाटलेले असते. याचे उदाहरण शोधावयास महाडकरांना गावाबाहेर जावे लागत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे काहीही घडले नाही. या विलंबामागे सवर्णांचा विरोध होता, त्याला केवळ चालढकल म्हणणे हा अपुरा न्याय होईल. पण ज्यांना विरोध नव्हता, तेही स्वस्थच होते. ठराव झाला की काम झाल्याचे समाधान मिळते आणि तहान तर दुसऱ्यालाच लागलेली असते.

ही कोंडी फुटली ती २० मार्च १९२७ रोजी. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे कामकाज संपत आले असता अनंतराव चित्रे यांनी सुचविले की, तळे खुले करणारा ठराव कागदावरच आहे, तर आपण आताच तेथे जाऊ. डॉ. आंबेडकरांच्या मागून सारी परिषद चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्या दिवशी मार आणि पुढे बहिष्कार सोसावा लागला. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागेही घेतला. तरीही ‘आताच’ या एका शब्दाने तीन वर्षांचा कागद जिवंत केला. डिसेंबरमध्ये मात्र त्याच आंबेडकरांनी, न्यायालयाचा मनाईहुकूम आल्यामुळे, पाणी घेण्याचा सत्याग्रह तहकूब केला. ही चालढकल नव्हे. तिला कारण होते, निर्णय होता आणि पुढची पायरी ठरलेली होती. ती पायरी चढत दावा मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. तहकुबी आणि टाळाटाळ यांतील फरक यापेक्षा स्वच्छ कोठे दिसणार?

एवढ्या मोठ्या गोष्टीच्या शेजारी आपली अर्ज-उत्तरपत्रिकांची कामे ठेवण्याचा संकोच वाटतो खरा. तथापि कोंडी फुटण्याची रीत फारशी निराळी नाही. कधी, कोठे आणि कसे करावयाचे हे आधी नेमून ठेवलेले काम अधिक वेळा पार पडते, असे पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून दिसले आहे. ‘अभ्यास करीन’ हा ठराव झाला. ‘उद्या सात वाजता वाचनालयात पहिले प्रकरण उघडीन’ ही कृतीची सुरुवात होय. आणि शिक्षकबंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, पहिल्या परीक्षेपूर्वी केलेल्या दिरंगाईबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी दिरंगाई कमी केली. लाज वाटते म्हणून काम होते, ही आमची समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या वहीची लाज वाटते, ती वही मुलगा उघडतच नाही.

सातबाऱ्याचे म्हणाल, तर येत्या गणपतीत सारा वाद मिटविण्याचे ठरवूच नये. चाकरमानी परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी मृत्यूचा दाखला शोधावा, एका कागदावर वारसांची नावे व पत्ते लिहावेत, आणि दोघा भावांनी जोडीने तलाठी कार्यालयात जाऊन अर्ज देऊन पोच घ्यावी. वाटणीचे भांडण त्यानंतरही करता येईल.